येताना घाट लागतो का

सारंगखेड्याच्या काकींनी त्या दिवशी फोन लावला नसता, तर आईने मला दुबईला जाऊच दिलं नसतं. हे आधी लिहून ठेवतो. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून मी काकींच्या केळीच्या बागेत मजुरी करायचो. दुबईत असलेल्या त्यांच्या मुलानेच मला तिकडच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लावून दिलं.

निरोप द्यायला आई तोरणमाळपलीकडच्या दरीतल्या आमच्या पाड्यावरून आली होती. काकींच्या ओसरीत बसून मी तिला विमानाचं तिकीट वाचून दाखवलं. जाताना मुंबईहून दहाला निघायचं, दुबईत पावणेबाराला. सुट्टीत येताना दुबईहून दहाला निघायचं, मुंबईत अडीचला.

आईने बोटांवर मोजलं. घरी आम्ही पावरी बोलतो, इथं मराठीत लिहितो. ती म्हणाली, "जाताना एवढं पटकन आणि येताना एवढा वेळ? म्हणजे तिकडे उतार आहे. येताना घाट लागतो."

मला हसू आलं नाही. तोरणमाळहून उतरणारी जीप कधी पोचते आणि चढणारी कधी, हे आम्हाला ठाऊक. मलाही ते खरंच वाटलं.

"नको जाऊ," आई म्हणाली. "उतरशील, पण परत चढशील का?"

काकी मात्र खो खो हसल्या, त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "माय व, इमानले घाट ऱ्हास का?" त्यांनी मुलाला फोन लावला, आवाज मोठा केला. "तठे किती वाजनात रे?"

"साडेनऊ, माय."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. "आळशी शे तुन्ही दुबई," काकी म्हणाल्या. "अठे सैपाक व्हई गया, तू आजून चहाच पी ऱ्हायना!"

आई फोनकडे बघत राहिली. "तिकडे ऊन उशिरा पोचतं? आपल्या पाड्यासारखं?" वर तोरणमाळला लख्ख उजाडलं तरी आमच्या दरीत ऊन उतरायला वेळ लागतो. घड्याळाचं कोडं तिने असं सोडवलं. "मग जा. पण येताना नीट बघ, चढ आहे का."

जाताना मी काहीच बघितलं नाही. सगळा वेळ हात पासपोर्टच्या खिशावर. पहिल्या सुट्टीत परतताना मात्र समोरच्या पडद्यावरून नजर काढली नाही. एकोणीसशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, आकडा घटत चाललेला. घड्याळांमधला दीड तासाचा फरक धरला, तर जाताना सव्वातीन तास लागले होते, येताना तीनच! विमानातल्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "इकडे येताना वारा पाठीशी असतो."

म्हणजे सगळं उलटंच. घराकडची वाटच लवकर सरते.

मग मुंबईपासून शहाद्यापर्यंत रात्रभर बस, पुढे जीप, पुढे पायी. विमानापेक्षा कितीतरी जास्त वेळ. आईने आधी पाणी दिलं, मग विचारलं, "लागला घाट?"

"लागला. पण आपलाच."

आता पुन्हा दुबईत आहे. काकी इकडे मुलाकडे एकदाही आलेल्या नाहीत. बसमध्येसुद्धा त्यांचं डोकं फिरतं, मग विमान कसलं. पण एक दिवस मी स्वतः त्यांना घेऊन येणार आहे. खिडकी त्यांची, आणि विमानाला घाट नसतो हे त्यांचंच म्हणणं त्यांना पटेपर्यंत धरायला हात माझा.