कूलरचं गवत

होळी झाली की तो आमच्या कूलरचं गवत बदलायला येतो. आखातात एसी बसवून मलकापूरला परतलेला माणूस. गवत दाबताना दरवर्षी तेच ऐकवतो, "तिकडं हवा दमट, भाऊ, एसीच लागते. आपली कोरडी. तिले पाणी दाखवलं का झाली गार."

यंदा महिनाभर उशिरा आला आणि त्यानं आधी नळ सोडून पाहिला. थेंब नाही. मग जुनं गवत उपसून टाकलं आणि नवं बसवलंच नाही.

"काऊन?" मी विचारलं.

"प्यायले पाणी नाही, कूलरले कुठून आणता? सुकं गवत नुसती हवा अडवते."

त्यानं बटण दाबलं. तोंडावर भट्टीची झळ आली. तो तिच्यासमोर डोळे मिटून बसून राहिला.

जाताना सायकलवरचा नव्या गवताचा भारा त्यानं चाचपला. "होळीपासून कोणाच्याच घरी सुटला नाही," म्हणाला.