पोपटी गाडीचा अर्थ

सकाळी आमच्या घरात जो तो दुसऱ्याच्या पायात येत असतो. गॅसवर दूध, माझे हात पिठात, ह्यांना एक मोजा सापडलेला आणि दुसऱ्याचा तपास नेहमीप्रमाणे माझ्याकडे. अशात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा माणूस आमच्या गल्लीत एकच, समोरचे पोपटीकाका. बेलवर त्यांचा भरवसा नाही. "आत वाजली की नाही, हे बाहेरच्याला काय कळणार?" असं त्यांचं म्हणणं.

"वहिनी, मोकळ्या आहात का?"

मी पिठाचे हात दाखवले.

"चालेल. हात नकोत, डोळे हवेत. जरा माझ्या गाडीसमोर उभ्या राहता?"

ह्यांना दुधाकडे बघायला सांगून मी निघाले. म्हणजे दूध उतू जाणार, हे ठरलंच.

काका बेकरीचा माल पोचवतात. उजाडायच्या आत पावाचे क्रेट पिकअपमध्ये भरायचे, टेकडीपलीकडच्या दुकानांत उतरवायचे आणि आपण डोळे चोळत उठतो तोवर परत यायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पिकअप आणली तेव्हा करडी होती. काकू म्हणाल्या, "ही काय, राखेत लोळून आल्यासारखी दिसते." काकांनी त्याच आठवड्यात ब्रश घेतला आणि गाडी पोपटी केली. तेव्हापासून दर वर्षी एक हात मारायचा आणि उरलेला रंग वाया जाऊ द्यायचा नाही. त्यामुळे त्यांचं फाटक पोपटी, बादली पोपटी, सायकलचा पंपही पोपटी. काकू एकदा म्हणाल्या होत्या, "मी जरा वेळ स्वस्थ बसले की मला भीतीच वाटते." आता काकू नाहीत. रंग मात्र चुकत नाही.

त्या गाडीचे पुढचे दिवे हल्ली आळशी झाले होते. बटण दाबलं की आधी नुसते लालसर व्हायचे, मग सावकाश उजळायचे. एका धुक्याच्या पहाटे वळणावर मधोमध बसलेली म्हैस त्यांना अगदी नाकाशी आल्यावर दिसली. म्हैस उठली नाही, गाडीच थांबली. वर ही हकिकत काकांनी हसत हसत लेकीला फोनवर सांगितली. पोटात काही ठेवता येत नाही, हा त्यांचा जुना आजार. लेक परगावी नर्स आहे, हसण्यावारी नेणारी नाही. म्हणाली, "मी रविवारी येते. बटण दाबल्याबरोबर दिवे लागले नाहीत, तर गाडी विकायची आणि बाबा, तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं."

"मग वायरमनला बोलवा ना," मी म्हटलं.

"बोलावला होता. त्याने बल्ब बदलले, रिले बदलला, बटण बदललं. आता मलाच बदलायचं बाकी आहे. तो गेलाय बहिणीकडे, पण फोनवर आहे."

त्यांच्या गाडीच्या शेडमध्ये अंधारच होता. मी समोर उभी राहिले, काकांनी बटण दाबलं. दोन्ही दिवे जागे झाले, पण अंथरुणातून उठायला सांगितलेल्या पोरांसारखे.

"दोन्ही सारखेच मंद आहेत," मी म्हटलं. "आता साइड दाखवायचा दिवा लावा." त्यांनी लावला. तो लुकलुकायला लागला, तसा त्याच्या तालावर मोठा दिवाही कमीजास्त व्हायला लागला. "काका, तुमची गाडी मला डोळा मारतेय."

काकांनी ते जसंच्या तसं फोनवर सांगितलं. स्पीकरमधून वायरमनचा आवाज आला, "मग काका, अर्थ नाही."

"कशाला अर्थ नाही?" मी विचारलं.

"आयुष्याला," मागून हे म्हणाले. दूध उतू गेल्याची वर्दी द्यायला आले होते. "आणि बॅटरी गेली असेल." घरातलं घड्याळ बंद पडो की गाडी, ह्यांचं निदान ठरलेलं.

"अहो, तो अर्थ नाही, अर्थिंगवाला," वायरमन म्हणाला. "दिव्यातून आलेला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. ती वाट म्हणजे अर्थ. काका, एक सुटी वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावा, दुसरं दिव्याच्या काळ्या वायरीला."

मी कॉलेजात मराठी शिकले. अर्थ शब्दाचे अर्थ परीक्षेत लिहिले होते, त्यात हा नव्हता. पण काळी वायर शोधायला पदवी लागत नाही. काकांनी बॅटरीकडचं टोक धरलं, दुसरं मी पिठाचे हात पदराला पुसून दिव्यामागे काळ्या वायरीच्या उघड्या तांब्याला टेकवलं. दोन्ही दिवे असे लख्ख लागले की ह्यांनी डोळ्यांवर हात घेतला.

"बॅटरी चांगली दिसतेय," हे म्हणाले.

आता ती काळी वायर पत्र्याला कुठे जोडली आहे ते बघायचं होतं. दिव्यामागून ती खाली उतरत होती, दुसऱ्या दिव्याची वायर तिला येऊन मिळत होती आणि दोन्ही एकाच बोल्टापाशी संपत होत्या. बोल्ट पोपटी. वायरीची कडीही पोपटी. सगळं इतकं नीटनेटकं की कुणालाही कौतुक वाटावं.

"काका," मी विचारलं, "रंग नुसता वरून मारलात, की बोल्ट काढून खालीसुद्धा?"

काका अभिमानाने म्हणाले, "काढून. आतून गंज धरतो ना. यंदा तिथे दोन हात दिलेत."

फोनवर वायरमन इतका हसला की त्याच्या बहिणीने मागून काय झालं म्हणून विचारलेलं आम्हाला ऐकू आलं. "काका, गाडीचा अर्थ तुम्हीच रंगवून टाकलात. रंगातून करंट जात नाही हो. बोल्ट काढून खरवडा तो. पत्रा चकचकीत दिसला पाहिजे. मग बोल्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा."

काकांनी पॉलिश पेपर हातात घेतला, पण हात काही चालेना. आपल्याच पोराचं जावळ काढायला बसल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. शेवटी मीच म्हटलं, "काकू असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

"म्हणाली असती, एक जागा तरी सोडा."

"मग सोडा की."

त्यांनी खरवडलं. पोपटीखालून पहिल्या दिवसाचा करडा रंग आला आणि त्याखाली रुपयाएवढा चकचकीत पत्रा. बोल्ट आवळला, बटण दाबलं. दिवे बटणाच्याही आधी लागले की काय, असं वाटलं.

रविवारी लेक आली. चहासुद्धा न घेता शेडमध्ये गेली, स्वतः गाडीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "लावा बाबा." उजेड तिच्या तोंडावर आदळला. तिने मान वळवली, पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. "आता कुणाचा पोपट होतोय बघू," हे माझ्या कानात म्हणाले.

"ठीक आहे," लेक म्हणाली. "चालवा. पण बाबा, दिवे पुन्हा आळसावले तर मी कारण विचारणार नाही. सरळ गाडी विकायची." मग मात्र ती चहाला बसली, आणि म्हशीची गोष्ट काकांना पहिल्यापासून सांगायला लावली.

ती गेली त्याच संध्याकाळी दारावर थाप पडली. काका उभे होते, हातात रंगाचा डबा, झाकणावर आडवा ठेवलेला ब्रश.

"या ना आत."

"नको, बसत नाही." त्यांनी डबा उंबऱ्याच्या आत ठेवला. "मगाशी बॉनेट उघडलं होतं. ती उघडी जागा फार डोळ्यांत येते हो, वहिनी."

"काका."

"म्हणूनच आलोय. हा डबा तुमच्याकडे ठेवा. मी मागायला आलो, तर आधी विचारा, काय रंगवायचंय. आणि गाडी म्हटलं, तर देऊ नका."