दुसरं इंजिन हाय की

हे वाक्य ऐकलं की अजून माझं डोकं सणकतं.

मी वेल्ह्याकडच्या पासली गावची. दोन इंजिनांची लहान विमानं चालवते, चार-सहा माणसं बसतील एवढी. गावाला त्याचं भारी कौतुक, आणि ते कौतुकच अंगाशी आलं. शेजारच्या गावानं जत्रेत पालखीवर जेसीबीतून फुलं उधळली, म्हणून आमच्या कमिटीनं ठरवलं, आपली विमानातून. विमान भाड्यानं ठरलं, नसरापुरात झेंडूची पोती सांगून झाली, आणि मग मला विचारलं. पोती रिकामी करायला मागं बसणार होता माझा धाकटा भाऊ.

वेल्ह्यात चहाच्या टपरीवर मी सगळ्यांना नीट समजावलं. भर उन्हाळ्यातली दुपार, तापलेल्या हवेत इंजिनाचा जोर आधीच कमी. त्यात पोती, आणि फोटोसाठी कमिटीची माणसं. फुलं टाकायची म्हणजे खाली यायचं, वेग कमी करायचा, तेही डोंगरांमधल्या चिंचोळ्या खोऱ्यात. एवढ्या वजनाला एक इंजिन बंद पडलं तर उरलेलं विमानाला वर नेत नाही. समोरच्या डोंगरापर्यंत तेवढं नेतं. शिवाय इंजिनं दोन असली की बिघडायलाही दोन असतात.

भाऊ म्हणाला, "ताई, उगं भ्या घालू नगंस. एक बंद पडलं तर दुसरं हाय की."

"चिखलणीत जोडीतला एक बैल बसला तर दुसरा काय करतो रं?"

"जागच्या जागी फिरतो."

"विमानाचंबी तसंच. नाक बंद इंजिनाकडं वळतं. आन् थांबायला खाली वावर नसतं."

पण कमिटीतले आबा म्हणाले, "बाईमाणूस हाय, भ्यायचीच." मला ठरावीक काळानं एक इंजिन बंद ठेवून विमान उडवायची परीक्षा द्यावी लागते. आबांनी आपल्या मोटरसायकलचा ब्रेक तरी कधी तपासला असेल का? मी साफ नाही म्हटलं आणि उठले.

त्यांना दुसरा वैमानिक मिळाला, आणि भाऊ मागं बसलाच. जत्रेच्या दिवशी विमान खोऱ्यात वळलं तेव्हा मी अंगणात दोन्ही इंजिनांचा आवाज ऐकत उभी होते, हात जोडून. निम्मी फुलं रानात पडली. इंजिनं मात्र शेवटपर्यंत चालली.

भाऊ हसत घरी आला. त्याला धडधाकट पाहून मला रडू आलं, आणि पाठोपाठ संताप. कारण आता सगळ्यांच्या हातात पुरावा आहे. आबा भेटतील तिथं विचारतात, "काय झालं गं? काईच न्हाई की." नशिबानं निभावलं, त्याला ही माणसं अनुभव म्हणतात.

यंदाही विमान ठरलंय. परवा मी भावाला पुन्हा विनवलं, या वेळी तरी बसू नकोस. तो मोबाईलवर गेल्या जत्रेचा व्हिडिओ लावत म्हणाला, "औंदा पोरीलाबी नेतोय. लई हट्ट धरलाय तिनं. तुलाच बघून."