आत्याच्या अंगठ्याखालचं लाकूड

माझी आत्या इमारतींच्या प्रतिकृती बनवते. सगळं काम बाल्साच्या लाकडात. उष्ण प्रदेशातलं हे झाड भराभर वाढतं आणि लाकूड इतकं हलकं, की फळी उचलताना हात उगाच वर जातो. खेळण्यातल्या विमानांपासून पवनचक्कीच्या पात्यांपर्यंत ते चालतं. शास्त्रात त्याची गणना कठीण लाकडांत होते, हे मी कॉलेजातून शिकून आल्यावर ऐटीत सांगितलं होतं.

"तुमच्या शास्त्राला नखं नाहीत वाटतं," आत्या म्हणाली होती आणि नखानेच फळीवर रेघ ओढून दाखवली होती.

तिच्या उजव्या अंगठ्यातली जाण गेल्या हिवाळ्यात गेली. अर्धांगाचा झटका आला, मग तोंड सावरलं, पाय सावरला, बोटंही हलू लागली. फक्त अंगठ्याला काही कळेना. आता शाळेच्या इमारतीची प्रतिकृती उद्या द्यायची होती. ती वेळेवर पोचली, तर पुढची कामं येतील. नाहीतर काम देणाऱ्या आर्किटेक्टबाई दुसरीकडे जाणार, हे त्यांनी गोड शब्दांत कळवलं होतं.

छप्पर बसवताना आत्याचा अंगठा रुतला. खळगा पडला.

"पाणी," ती म्हणाली.

खळग्यावर पाण्याचा थेंब टाकला, की दबलेलं लाकूड फुगून वर येतं. आलंही. तिने पुन्हा छप्पर धरलं आणि पुन्हा तिथेच खळगा.

"आत्या, मी दाब मोजणारं यंत्र लावते. जास्त झाला की वाजेल."

"वाजेपर्यंत खळगा पडलेला असेल, इंजिनिअरबाई. तू धर."

मी धरलं. माझ्या चारही बोटांचे ठसे उमटले.

"अगं, कणीक मळतेस काय!" ती हसली. मग माझं बोट धरून फळीच्या तुकड्यावर टेकवलं. "दाब. आणखी कमी. आता कळतंय, लाकूड मागे ढकलतंय ते?"

"कळतंय."

"मला नाही कळत गं."

छपरासाठी एवढी रुंद फळी दुसरी उरली नव्हती. आत्याने डाव्या हाताने पुन्हा थेंब टाकला. तंतू एकदा तुटले की पाण्याने उठत नाहीत, हे तिनेच मला शिकवलं होतं. तरी आम्ही दोघी त्या खळग्याकडे बघत बसलो. पाणी मुरलं. खळगा तसाच राहिला.

"आणखी एक टाक," ती म्हणाली. मी टाकला.