दहापैकी दहा

लातूरच्या डायलिसिसला माझ्या शेजारच्या खाटेवर क्लासवाले सर असतात. सुई टोचली की सिस्टरला "व्हेरी गुड" म्हणतात. परवा सिस्टर प्रत्येकाला विचारत होत्या, स्वतःची काळजी घेण्याचा भरवसा दहापैकी किती?

"निगेटिव्ह मार्किंग हाय का?" सरांनी आधी विचारलं.

"न्हाई, सर."

"मग पथ्याला दहा. पाणी मोजून प्यायलाबी दहा."

वजनकाट्यानं तर आल्याआल्याच अंगात साठलेलं पाणी दाखवलं होतं. "काटा आउट ऑफ सिलॅबस हाय," सर म्हणाले.

"आन् घरी एकट्यानं सगळं सांभाळाल?"

सरांनी दाराकडं पाहिलं. बाहेर त्यांच्या मिसेस सरांच्या दिवसभराच्या पाण्याची छोटी बाटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"हा प्रश्न सोडा."

"सर, मार्क कापत न्हाईत."

"तरी सोडा."