खंडेनवमीला गाडी दाखवली

संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. आमचे हे तिथे फिटर. घरी बसून ह्यांनी आधी माझा स्टोव्ह खोलला, मग शेजारणीचा पंखा. खोलायला काही उरलं नाही तेव्हा एका पारशाकडून मेलेली मोटार ढकलत आणली. साठच्या सालातली विलायती. चार दारं, दिसायला घरगुती, पण म्हणे शर्यतीत पळायची. आमच्या चाळीमागे आली तेव्हा आत उंदीर पळत होते.

गाडी खाली विटांवर आणि तिचे अवयव आमच्या खोलीत. गिअरबॉक्स मोरीत, दिवे फडताळात. मागच्या सीटवर सासूबाई झोपायच्या. "माका हीच बरी," म्हणायच्या. मी खानावळ चालवायचे. जेवणारे विचारत, "वहिनी, आमटीला ऑइलचा वास कसा?" मी म्हणायचे, "फोडणीच त्याची आहे. जेवायचं तर जेवा."

काही वर्षांनी गाडी पांढरीशुभ्र उभी राहिली. सासूबाईंना उठवून सीट खाली नेली. काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी लावली. चिंचपोकळीला गॅरेजसाठी गाळा मिळत होता, मालक दिवाळीपर्यंत थांबणार होता. गाडी गेली तर गाळा, नाहीतर जन्मभर माझी आमटी.

गिरगावचे एक छापखानेवाले खंडेनवमीला बघायला येतो म्हणाले. सकाळी खाली जाऊन बघते तर गाडीला झेंडूचे हार, पुढे नारळ. चाळीतले गिरणीवाले जमलेले. संपापासून त्यांच्याकडे पुजायला साचा, म्हणजे गिरणीतला माग, नव्हता. बॉनेटवर कुणी पाना ठेवलेला, कुणी धोटा, एकाने तर घरची इस्त्री.

छापखानेवाले गाडीभोवती फिरले, खूश झाले. "चालू करा बघू."

"आज नाही," हे म्हणाले. "पूजलेलं यंत्र आज चालवत नाहीत."

"मग बोलावलंत कशाला?"

"बघायला."

"बरोबर आहे! गिरणीत कधी चालवलं काय?" चाळकरी ओरडले. मला वाटलं, नारळाऐवजी ह्यांनाच फोडावं.

"उद्या दसऱ्याला मला दारात गाडी हवी. माटुंग्याला दुसरी बघून ठेवलीय," म्हणत गृहस्थ निघाले.

मी वाट अडवली. "शेठ, तुमचा छापखाना चालू आहे आज?"

"आज कसा असेल? मशीनची पूजा झाली."

"मग?"

ते थांबले. "पण गाडी चालते की नाही, कळणार कसं?"

"बसा आत. इंजिन बंद, पण चाकं फिरायला कुणाची ना आहे?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "तुम्ही गप ढकला."

बॉनेटवरची हत्यारं कुणी हलवू देईना. इस्त्रीवाला इस्त्री धरून शेजारून चालला. गल्लीच्या टोकाला शेठनी ब्रेक दाबला, ढकलणारे एकमेकांवर आपटले.

"ब्रेक चांगला आहे," शेठ म्हणाले.

मी म्हटलं, "इंजिन उद्या सकाळी ऐका, मग माटुंग्याला जा. आवडलं नाही तर ढकलत सोडू तिथपर्यंत."

दसऱ्याला ते उजाडताच आले. किल्ली फिरवताच गाडी अशी गुरगुरली की वरच्या मजल्यावरून शिव्या आल्या. शेठनी हारसुद्धा काढू दिले नाहीत, तशीच घेऊन गेले.

संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला आलेले गिरणीवाले ह्यांना म्हणाले, "आता पुढच्या खंडेनवमीला काय पुजायचं?"

"गाळ्यात या," हे म्हणाले.

मी म्हटलं, "या. पण त्या दिवशी गिऱ्हाईक बोलावू नका."