समुद्राकडची खोली

रत्नागिरीत घर घेतलं म्हटलं की हडपसरमधल्या आमच्या सोसायटीतला प्रत्येक जण एकच विचारतो, "समुद्र दिसतो का?" मी हो म्हणतो. खोटं नाही ते. गॅलरीत उभं राहिलं की समोर समुद्रच आहे, मध्ये फक्त एक रस्ता आणि सुरूची झाडं. आमचा फ्लॅट आहे ते शहराला लागून असलेलं उपनगर आता फार मागणीतलं झालंय. पुण्यातली निम्मी निवृत्त मंडळी तिथं फ्लॅट शोधत हिंडताना दिसतात. खोल्यांचं मात्र कुणी विचारत नाही. विचारलं ते एकाच माणसानं, आणि त्या माणसाशी मी खोटं बोललो.

ती माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणतो. आम्ही मूळचे वाघोलीचे, शेतकरी. वडिलांच्या माघारी रस्त्याकडेचा जमिनीचा एक तुकडा उरला होता. आजूबाजूला इमारती उठल्या तशी त्याला किंमत आली. तो विकून समुद्राकाठी घर घ्यायचं माझ्या मनात होतं. नोकरीतून वेळेआधी मोकळा झालो होतो, मुलगी बंगळूरला, बायको शाळेत शिकवते. दिवस खायला उठायचा. पण सातबाऱ्यावर अक्काचंही नाव होतं.

आमच्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. भावाला जमीन सोडतात, भाऊ साडी घेतो, आणि माहेर उघडं राहतं. कायदा काही म्हणो, रिवाज हा असा. मी अक्काला नुसतं विचारलं, तर ती म्हणाली, "कवा यायचं सांग."

नोंदणी कार्यालयात तिनं तो कागद ओळीवर बोट ठेवून सगळा वाचला. सातवीपर्यंतच शिकलीय, पण न वाचता सही करणाऱ्यातली ती नाही. कारकुनानं विचारलं, "बाई, स्वखुशीनं सोडताय ना?"

"भावाला देतीय, चोराला न्हाई," ती म्हणाली. कारकून हसला. मीही हसलो.

बाहेर चहा घेताना ती म्हणाली, "मला पैसं नगं. पर आई-बापाचं घर गेलं, आता रानबी चाललं. तू जे घर घेशील त्यात एक खोली माझी म्हन. वर्सातनं पंधरा दिवस ईन. पाय पसरून पडंन. जन्मभर धा मानसांत झोपलीय."

तिचं सासर मार्केट यार्डजवळ. दाजींचा कांदा-बटाट्याचा गाळा, वरती तीन खोल्या, त्यात दोन मुलं, दोन सुना, नातवंडं. मी म्हणालो, "एक खोली तुझीच, अक्का." त्या क्षणी मनापासून म्हणालो होतो. आता त्याचा काही उपयोग नाही, पण तसं होतं.

घर बघायला बायको आणि मी दोघं गेलो. आमच्या पैशांत बसणारे दोनच फ्लॅट उरले होते. एक मागच्या अंगाला, डोंगराकडे तोंड असलेला, दोन बेडरूमचा. दुसरा समुद्राकडचा, एक बेडरूमचा. किंमत जवळपास सारखीच. बायको पेठेत वाढलेली. गॅलरीत मी बराच वेळ उभा राहिलेला बघून ती म्हणाली, "अहो, घर आपल्याला राहायला घ्यायचंय की समुद्राला दाखवायला?"

फ्लॅट दाखवणारा माणूस चतुर होता. त्यानं तिच्याशी वाद घातला नाही. मला म्हणाला, "सर, डोंगरच बघायचे तर पुणं काय वाईट आहे?"

मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचंच होतं. मागच्या फ्लॅटची ती दुसरी खोली मी पाहिली होती. छोटी, भिंतीत एक खिडकी, खिडकीतून जांभ्या दगडाचा कडा. खोलीत उभा असताना अक्काचा विचार माझ्या मनात आला होता. आलाच नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आला, आणि मी गॅलरीत परत गेलो. बायकोला अक्काच्या खोलीबद्दल मी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं मला तिथंच अडवलं असतं.

मग वास्तुशांत आली. भटजी म्हणाले, दसऱ्याला करा, मुहूर्त बघायलाच नको. मी म्हणालो, नको, नवरात्रातच करू, पाचव्या माळेला. त्यांनी पंचांगातून मान वर काढून माझ्याकडे बघितलं आणि "तुमची मर्जी" म्हणाले.

कारण मला ठाऊक होतं. अक्काकडे घट बसतात. घट बसले की नऊ दिवस ती घर सोडत नाही. अखंड दिवा तिच्याच हाताखाली असतो, सुनांवरसुद्धा टाकत नाही. दिवा एकटा सोडून ती रत्नागिरीला येणं शक्य नव्हतं. आणि ती आली असती तर दारातूनच तिनं खोल्या मोजल्या असत्या.

फोनवर ती म्हणाली, "पाचव्या माळंला? आरं मग मी कशी येनार? दसऱ्याला का न्हाई?"

"भटजी मोकळे नाहीत, अक्का."

ती म्हणाली, "बरं. देवीच्या मनात असंल तसं. तू कर नीट. माझी काळजी करू नगं."

भाऊबीजेला गेलो तेव्हा ओवाळून झाल्यावर तिनं विचारलं, "माझी खोली कंच्या अंगाला हाय?" मी म्हणालो, "मागं, डोंगराकडं." "ऊन येतं?" "सकाळचं येतं." "खिडकी केवढी?" मी हातानं दाखवलं. ती म्हणाली, असं नको, फुटात सांग. मी म्हणालो, चार बाय साडेचार. एवढ्या सहज तोंडून आलं की माझं मलाच नवल वाटलं.

संक्रांतीला तिनं पडदे हातात ठेवले. स्वतः शिवलेले, फिकट पिवळे, वरच्या काठाला दांडीसाठी दुमड घातलेली. मी ते रत्नागिरीला नेले. लावायला खिडकी नव्हती. बेडरूमला नि हॉलला सरकते काचेचे दरवाजे आहेत, जमिनीपर्यंतचे. पडदे घडी घालून कपाटात ठेवले. महिन्यातले पंधरा दिवस मी तिथं एकटाच असतो. सकाळी किनाऱ्यावर चालून येतो, भात लावतो, गॅलरीत बसतो. शेजारचे फ्लॅट बहुतेक बंद; मालक मुंबई-पुण्याचे, दिवाळीत आणि मेमध्ये येणारे. दिवसभरात बोलणं झालं तर मासळीवालीशी, आणि मी मासे खात नाही म्हटल्यावर तेही थांबलं. समुद्र दिसतो. सारखा दिसतो.

मार्चअखेरीस अक्काचा फोन आला. "एप्रिलात येते. पंधरा न्हाई, म्हैनाभर. सुना हायत आता घर बघायला. खोलीत गादी हाय का मी घिऊन येऊ?"

फोनवर सांगणं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी धरून पुण्याला आलो आणि दुपारी तिच्याकडे गेलो. दाजी खाली गाळ्यावर होते, सुना बाहेर गेल्या होत्या. अक्का जमिनीवर बसून मटार सोलत होती. मीही समोर बसलो. पाणी प्यायलो आणि म्हणालो, "अक्का, तिथं तुझी खोली नाही. एकच बेडरूम आहे."

तिचे हात थांबले नाहीत. "म्हंजी?"

मी सगळं सांगितलं. दोन फ्लॅट होते, मी कुठला घेतला, का घेतला. खिडकीचं माप खोटं होतं, तेही.

"मंग मी कुटं झोपनार व्हते?"

"हॉलमध्ये. सोफा उघडतो, त्याचा पलंग होतो."

"पाव्हन्यावानी."

तिनं एक शेंग सोलली, त्यात दाणे किडके निघाले, ती बाजूला टाकली. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् वास्तू पाचव्या माळंला का घातलीस?"

इतका वेळ मी मान खाली घालून बोलत होतो. तशीच ठेवून म्हणालो, "तू येऊ नयेस म्हणून."

"भटजी मोकळं नव्हतं म्हनलास."

"मोकळे होते. दसराच सांगत होते ते."

आता तिचे हात थांबले. खाली हमाल कुणाला तरी ओरडत होते, पोती पडत होती. मग ती बोलली. आवाज चढला नव्हता.

"खोली न्हाई दिलीस, एक असू दे. तुला समिंदर आवडला, घेतलास. मानसाला एकांदी गोष्ट आवडती. पर माझ्या घटाला मधी घातलंस तू. मी दिव्याम्होरं बसून तुझ्या वास्तूसाठी हात जोडत व्हते रं, त्याच दिशी."

"मी तो फ्लॅट विकतो, अक्का. दुसरा बघतो, दोन खोल्यांचा."

"इक न्हाईतर ठेव. मला इचारू नगंस." तिनं परत शेंग उचलली. "पडदे तेवढे आनून दे. धाकटीच्या खिडकीला हुतील, कापून."

मी उठलो. मी निघालो की अक्का नेहमी जिना उतरून खाली येते, रिक्षावाल्याला दोनदा बजावते, रिक्षा वळेपर्यंत उभी राहते. त्या दिवशी ती बसल्या जागेवरनं म्हणाली, "जाताना दार वढून घे."

पडदे मी आठवड्यात नेऊन दिले. ती देवळात गेली होती; धाकट्या सुनेनं घेतले, चहा केला. मागच्या अंगाच्या फ्लॅटची मी चौकशी केली. तो कधीच विकला गेलाय, तिथं आता कोल्हापूरचं एक जोडपं राहतं. माझा विकायला लावलाय. समुद्र दिसतो म्हणून लोक येतात, गॅलरीत उभे राहतात, आणि मी त्यांना खोल्या किती ते आधी सांगतो.

फोन मी करतो. अक्का उचलते, "जेवलास का?" विचारते आणि नातवाच्या हातात देते. दिवाळी आता तीन आठवड्यांवर आलीय. भाऊबीजेला भावाला बोलावणं लागत नाही, तो आपला जातो. बायको म्हणते, "जा की, हाकलणार थोडीच आहेत त्या." ते मलाही माहीत आहे. पाट मांडेल, ओवाळेल, जेवायला वाढेल. तरी यंदा मी तिच्या फोनची वाट बघतोय.